नजरेत न भरणारी बॅग

आमच्या ऑफिसात किस्से साठतात ते एसीच्या मागे कबुतरांची पिसं साठतात तसे. आज झाडून काढा, उद्या पुन्हा आहेतच. भारतात सुट्टीवर गेले की मी मैत्रिणींना एकदोन सांगते आणि त्या म्हणतात, "तू बनवून सांगतेस." अगं, बनवायला डोकं लागतं. आमच्याकडे नुसती हजेरी लावली तरी पुरतं.

शारजातल्या रोल्ला भागात, साड्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. काम एकच. इमारतींवरची कबुतरं जिवंत पकडायची आणि लांब नेऊन सोडायची. मी ठाण्याहून एमबीए करून आले आणि आता कबुतरांच्या अपॉइंटमेंट्स बघते. मॅनेजर पेंडसे सर पुण्याचे. प्रत्यक्ष गच्चीवर चढणारे याकूबचाचा रत्नागिरीजवळच्या एका गावचे, आखातात तीस वर्षं काढलेले.

कबुतर पकडायची रीत सोपी आहे. चार कबुतरं कुठे बसलेली दिसली की पाचवं खाली उतरतं. त्याला वाटतं, एवढी मंडळी बसलीत म्हणजे जेवण चांगलं असणार. आपण हॉटेल निवडतो ते तरी दुसरं काय करतो? म्हणून चाचा गच्चीवर डझनभर प्लास्टिकची कबुतरं मांडतात आणि दाणे टाकतात. बाजूला बॅटरीवरची एक भिंगरी लावतात, तिच्या दांड्यांवर दोन कबुतरं गरगरत असतात. लांबून वाटतं, पाहुणे अजून येतायत. खरी उतरली की वरून जाळं.

हे सगळं बिऱ्हाड चाचा वर्षानुवर्षं एका गोणपाटात बांधून न्यायचे आणि कुणाची तक्रार नव्हती. मग खलिफा सिटीचं काम आलं.

मोठं व्हिला कंपाउंड, आणि तिथल्या मॅनेजर नादिया मॅडम, लेबनॉनच्या. त्यांची अट एकच होती. "माझ्या रहिवाशांना कळता कामा नये. इथे निम्म्या मुलांनी कबुतरांना लाडाची नावं दिलीत. सामान असं आणा, की कुणी वळूनसुद्धा बघणार नाही." आधी डेमो, तो आवडला तर वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. आणि कॉन्ट्रॅक्टबरोबर, तिथे कायम राहणाऱ्या माणसाला कंपाउंडच्या मागे एक खोली, स्वयंपाकघरासकट.

चाचांनी सरांना विचारलं, "त्या खोलीत फॅमिली ठेवता येते?"

"येते. तसं लिहिलंय."

दुपारी पॅन्ट्रीत चहा ओतताना चाचा मला म्हणाले, "जुबेदाला तीस वर्षं सांगतोय बेटी, ये एकदा. पण आणू कुठं? एका खोलीत आम्ही आठ जण. मी कसा राहतो ते तिनं कधी पाह्यलंच नाय."

त्या दिवसापासून ते कॉन्ट्रॅक्ट माझ्या दृष्टीने पेंडसे सरांचं राहिलं नाही. ते जुबेदाचाचीचं झालं. आणि सगळं अडलं होतं एका बॅगेवर.

*

पहिली बॅग सरांनी आणली. ऑनलाइन, शिकाऱ्यांची म्हणून मिळते ती. हिरवी, पानापानांची, साडेतीनशे दिरहम. "म्हणजे आठ हजार रुपये," सर स्वतःच मोठ्याने म्हणाले आणि स्वतःच हळहळले. मग तिचे बारा कप्पे आम्हाला उघडून दाखवले. "ही जंगलात दिसतच नाही!"

चाचा म्हणाले, "सर, जंगल?"

दुसऱ्या दिवशी चाचा ती घेऊन शारजातल्याच एका सोसायटीत गेले. इमारत वाळूच्या रंगाची, भिंत वाळूच्या रंगाची, समोर खरी वाळू. त्या सबंध परिसरात एकच हिरवी गोष्ट होती आणि ती चाचांच्या खांद्यावर होती. वॉचमनने त्यांना फाटकाच्या बाहेरच थांबवलं. त्याने सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरने त्याच्या सुपरवायझरला. मग सगळ्यांच्या साक्षीने चेन उघडली गेली आणि डझनभर कबुतरं बाहेर मान काढून बघायला लागली.

वॉचमनने बराच वेळ विचार केला आणि चाचांना विचारलं, "ये किस मुलुक का फौज है?"

ती बॅग आता सरांच्या घरी आहे. वहिनी तिच्यात कांदे ठेवतात.

*

मग आली काळी बॅग. साधी, गंभीर, कुणाला संशय येणार नाही अशी. एवढंच की आम्ही ती ऑगस्टमध्ये घेतली आणि दुपारभर व्हॅनमध्ये ठेवली.

संध्याकाळी ऑफिसात चेन उघडली तर सगळ्या कबुतरांच्या माना वितळून खाली गेलेल्या. चाचांनी ती टेबलावर ओळीने मांडली. एकही वर बघेना.

सर आत आले, थबकले आणि म्हणाले, "हे तर आपलं अप्रेझल चाललंय."

*

क्रिकेटची किट बॅग ही कल्पनाही सरांचीच. लांब असते, जाळ्याच्या काठ्या मावतात आणि शारजात क्रिकेटच्या बॅगेकडे कोण बघतं? कोण बघतं ते सांगते. सगळे बघतात.

रविवारी सकाळी चाचा रोल्लाच्या मागच्या बाजूने चालत निघाले होते. तिथल्या मोकळ्या मैदानात दोन टीम्स उभ्या आणि एकीला एक माणूस कमी. त्यांना खांद्यावर किट बॅग घेतलेला, पांढऱ्या दाढीचा, रुबाबदार माणूस येताना दिसला. "चाचा, यल्ला, यल्ला!" म्हणत त्यांनी चाचांना धरूनच आणलं.

मी फोन केला तर पलीकडे आरडाओरडा. ज्यांच्या इमारतीचं काम होतं ते साहेब गच्चीवर वाट बघत होते, मी घामाघूम. चाचा दुपारी उगवले. काठ्या स्टंपांसाठी वापरल्या होत्या, दोन वाकल्या होत्या. जाळं बाउंड्रीला बांधलं होतं, ते एका बाजूने फाटलं होतं.

सरांनी आवाज चढवला, "याकूबभाई, याला जबाबदार कोण?"

चाचा शांतपणे म्हणाले, "सर, आपण मॅच जिंकलो."

*

त्यानंतर सर माझ्याकडे वळले. "अनघा, आता तूच काहीतरी बघ." मी घरी नजर फिरवली आणि माझ्या लेकीची, इराची, कीबोर्डची बॅग उचलली. इरा म्हणाली, "Aai, please don't tell anyone it's mine." मी कुणाला सांगितलं नाही, आता तुम्हाला सांगतेय.

ती बॅग खरंच चांगली होती. एका इमारतीच्या लॉबीतून चाचा सरळ आत गेले, सिक्युरिटीने उलट सलाम ठोकला. लिफ्टमध्ये एक बाई आपल्या मुलाला घेऊन उभ्या होत्या. दार बंद झालं, चाचा थोडे मागे टेकले आणि बॅगेतल्या भिंगरीचं बटण दाबलं गेलं. बॅगेत फडफड सुरू झाली. चाचांनी बॅग छातीशी धरली तशी ती त्यांच्यासकट हलायला लागली.

बाईंनी विचारलं, "अंकल, इस में क्या है?"

चाचा म्हणाले, "म्युझिक."

बाईंना आनंद झाला. त्यांच्या मुलाचा शुक्रवारी वाढदिवस होता, चाचांनी येऊन वाजवावं अशी त्यांची फार इच्छा होती. चाचा तीस वर्षांत इथे एक गोष्ट पक्की शिकले आहेत. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणायचं नाही.

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले, आणि पुढच्या मजल्यावर उतरले. तो त्यांचा मजला नव्हता.

*

बॅगेशी संबंध नाही, पण हाही ऐका. पकडलेली कबुतरं एकदा चाचांनी लांब न्यायची म्हणून पार खोर फक्कानला नेली. डोंगरापलीकडे, समुद्राकाठी सोडली. त्यांत एक शेपटी तुटलेलं कबुतर होतं, आम्ही सगळे त्याला तोंडओळखीने ओळखायचो. सोडून झाल्यावर चाचांनी बंदरावर मासळी घेतली, चहा घेतला आणि परत निघाले. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकले.

शेपटी तुटलेलं आमच्या खिडकीत बसलं होतं तेव्हा मी चाचांना फोन केला. "चाचा, कुठे पोहोचलात? तुमच्याबरोबरचे आले."

*

शेवटी उपाय मला सुचला, आणि अजूनही मला त्याचा अभिमान आहे. रोल्लाच्या प्रत्येक दुकानाबाहेर टांगलेली असते ना, ती चौकड्यांची, निळी-लाल-पांढरी, चेनची प्लास्टिकची मोठी बॅग? ज्यात लोक अंथरूण नेतात, कपडे नेतात, घरी जाताना सगळा संसार कोंबतात? या देशात त्या बॅगेकडे कोण बघणार? प्रत्येकाच्या खाटेखाली एक आहेच.

चाचा ती घेऊन ट्रायलला गेले. एका लॉबीत सिक्युरिटीने दार धरलं. दुसरीकडे विचारलं, "घर जा रहे हो? फ्लाइट कब का है?" कुणी वळून बघितलं नाही. सर इतके खूश झाले की त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या पैशांनी करक चाय मागवला.

नजरेत न भरणारी बॅग आम्हाला मिळाली होती. ती किती नजरेत भरत नाही ते डेमोच्या दिवशी कळलं.

*

आता हा शेवटचा. आखातात कुणी एकटा घरी जात नाही. म्हणजे जातो एकटाच, पण खोलीतल्या सगळ्यांची पार्सलं घेऊन जातो. चाचांच्या खोलीतला सलीम गावी निघाला होता. चाचांनी चाचीसाठी ब्लँकेट, दूध पावडर, अत्तर, बाम, एक टॉर्च आणि सँडल घेतले. (एकदा त्यांनी काजू पाठवले होते. रत्नागिरीला!) हे सगळं भरायला त्यांनी बॅग कुठली घेतली ते सांगायला नकोच.

खोलीत शेजारीशेजारी दोन बॅगा होत्या. दोन्ही दोरीने आवळलेल्या, दोन्हींवर मार्करने ठळक लिहिलेलं: याकूब, रत्नागिरी. ऑफिसच्या बॅगेवर कशाला लिहिलं, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, "तीस वर्षं हेच लिहितोय बेटी. बॅग दिसली की हात जातो." दुसऱ्याचं पार्सल उघडून बघायचं नाही ही तिथली रीत, म्हणून सलीमनेही बघितलं नाही. फक्त म्हणाला, "चाचांनी या वेळी हात आखडता घेतला, वजनच नाही."

शनिवारी सकाळी आम्ही खलिफा सिटीत होतो. सर टाय लावून, मी फाइल घेऊन, चाचा नव्या शर्टात. लॉबीतून बॅग गेली, कुणी बघितलं नाही. गच्चीवर नादिया मॅडम हाताची घडी घालून उभ्या. समोरच्या कठड्यावर गिऱ्हाइकं, म्हणजे खरी कबुतरं, रांगेत बसलेली.

चाचांनी दोरी सोडली, चेन ओढली, आणि आतून गुलाबाच्या फुलांचं ब्लँकेट बाहेर आलं. मग दूध पावडर. मग चाचीचे सँडल.

नादिया मॅडमनी विचारलं, "व्हेअर आर द बर्ड्स?"

पेंडसे सर पुण्याचे. चूक कबूल करण्याआधी ते समोरच्याला समजावून सांगतात. "मॅडम, अवर सिस्टीम इज अ लिटल डिफरंट."

चाचा त्या ब्लँकेटवर बसले. "खलास," एवढंच म्हणाले. त्यांनी ते सँडल हातात धरले होते. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. ती खोली तिथून दिसत होती, खाली, मागच्या भिंतीला लागून, निळ्या दाराची.

तेवढ्यात चाचांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, गावाहून. चाचांनी उचलला आणि जुबेदाचाचीचा आवाज सगळ्या गच्चीवर घुमला.

"अवो, ही कबुतरं कशाला धाडलीत? मला वाटलं शोपीस हायत. गडग्यावर मांडली तर ह्या बघा काय झालं!"

चाचीने फोन फिरवला. अंगणात भात वाळत घातलेला. अंगणाच्या दगडी गडग्यावर आमची प्लास्टिकची मंडळी शिस्तीत बसलेली, आणि अंगणभर, भात दिसू नये इतकी, खरीखुरी कबुतरं.

"सगळ्या गावाची जेवायला आलीत. काठी आपटली तरी हलत नायत. आता यांचं काय करू?"

चाचा ताडकन उठले. त्यांचा आवाजच बदलला, ड्यूटीवरचा झाला. "पिशवीच्या तळाला जाळं हाय. ते घे. आवाज करू नको. वाऱ्याला पाठ कर आणि दोन टोकं धरून फेक."

चाचीने फोन कशाला तरी टेकवून ठेवला. आम्हाला अर्धं कौल, थोडं आभाळ आणि चाचीचा पाठमोरा पदर दिसला. नादिया मॅडम हळूहळू पुढे सरकून चाचांच्या खांद्यावरून बघायला लागल्या. जाळं उघडलं, पसरलं आणि बसलं.

चाचीचा घामेजलेला चेहरा परत फोनवर आला. "पडली सगळी. आता?"

नादिया मॅडमनी सरांना विचारलं, "हू इज शी?"

सर एका क्षणात सावरले. "अवर रिमोट टीम, मॅडम."

"माय वाइफ," चाचा म्हणाले.

मॅडमनी माझ्या हातातली फाइल घेतली, कठड्यावर ठेवली आणि सही केली. मग फोन चाचांच्या हातून घेतला आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "हबीबती, तुम इधर कब आएगा?"

चाचीने घाईने डोक्यावरून पदर घेतला. "ही कोण?"

मीच पुढे झाले. "चाची, या तुमच्या नव्या खोलीच्या मालकीणबाई. चाचांना खोली मिळाली. तुम्हाला बोलावतायत."

मागे जाळ्यात फडफड चालली होती. चाचींनी एकदा मागे वळून अंगणातल्या भाताकडे बघितलं.

"येते," त्या म्हणाल्या. "पण आधी तिला विचारा, तिच्याकडं कबुतरं हायत का. असली तर मी नाय येणार."

नादिया मॅडमनी चाचांकडे बघितलं. "क्या बोलता है?"

चाचांनी डोळे पुसले.

"इन्शाल्ला बोलती है, मॅडम."