दवेईच्या लढाईचं साल

तानाबाईचं खरं नाव मा तिन. आमच्या नाचणगावचे प्रेमदास ब्रह्मदेशात दवेई गावाजवळच्या खाणीत मजुरीला गेले होते, तिथे त्यांनी तिच्याशी लग्न केलं. बेचाळीस साली जपानची लढाई दाराशी आली तसे दोघं बोटीने कलकत्त्याला आले आणि तिथून रेल्वेने गावाजवळच्या पुलगावला उतरले. गावाने आठवड्याभरात तिनची ताना केली. एक्कावन्न साली प्रेमदास वारले. मूलबाळ नव्हतं. वस्तीच्या टोकाच्या घरात ती एकटीच राहायची, निंदणाला, कापूस वेचायला जायची. नवऱ्याशी ती तिच्या भाषेत बोलायची. ते गेल्यावर ती भाषा समजणारं आसपास कुणी उरलं नाही.

मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि बाहेरून बी.ए.ला बसत होतो. इतिहासाच्या एका पेपरात ब्रह्मी आणि सयामी लोकांच्या सरहद्दीवरच्या लढाया होत्या. त्यांनी मला अगदी जेरीस आणलं. एकाच लढाईला दोन पुस्तकांत दोन नावं. टॅव्हॉयच्या लढाईचं साल एकात १७९२, दुसऱ्यात १७९३. विचारणार कुणाला?

छप्पन्नची दिवाळी झाली होती. दीक्षा घेऊन वस्ती नागपूरहून परतली होती. तानाबाईच्या शेजारची कांताबाई मला म्हणाली, "गुरुजी, तुमी बर्म्याचं वाचून राह्यले ना? मंग आमच्या तानाबाईले काऊन नाई इचारत?"

चौदा वर्षं ती बाई माझ्या शाळेवरून वावरात जात होती. मला हे सुचलंच नव्हतं.

रविवारी गेलो. तिने पोतं अंथरलं. मी टॅव्हॉयचं नाव काढलं, तिने मान हलवली. तसलं गाव तिला ठाऊक नव्हतं. मग मी पुस्तकातला नकाशा पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं, पण समुद्राच्या काठाकाठाने तिचं बोट खाली आलं आणि बरोबर टॅव्हॉयवर थांबलं.

"दवेई," ती म्हणाली. "दवेई. माह्यं गाव."

इंग्रजांनी त्याचंच टॅव्हॉय केलं होतं. सयामही तिला कळेना. पूर्वेचे डोंगर दाखवले तेव्हा म्हणाली, "ते योदया. आमी योदया म्हणतो."

"त्यांच्याशी लढाई झाली होती ना, दवेईत?"

"आमी लढाई नाई म्हणत. दार उघडलं ते साल म्हणतो. आमच्याच सुभेदारानं योदयाले शहराचं दार उघडून देल्लं. मंग आपल्या राजाची फौज आली. माह्या आजीची आजी तवा लहान होती. तिच्या मायले योदयानं डोंगरापलीकडं नेलं."

"साल कोणतं?"

"अकराशे चोपन्न."

ब्रह्मी सालाचं इंग्रजी साल करायला पुस्तकात सांगितलं होतं तसे मी सहाशे अडतीस मिळवले. १७९२. मग ९३ कुठून आलं?

ती पहिल्यांदाच हसली. "राजाची फौज थंडीत आली, गुरुजी. आमचं साल उन्हाळ्यात पालटते. तुमचं इंग्रजी साल भर थंडीत पालटते. लढाई एकच."

दोन महिने ज्यासाठी डोकं फोडलं ते तिने बसल्या जागी सोडवलं. मी घाईघाईने लिहून घेतलं आणि उठलो. दारात ती म्हणाली, "अजून हायेत. आठवून ठेवतो. येजा."

मी गेलो नाही. डिसेंबरात कांताबाईने निरोप आणला, तानाबाईला आणखी एक लढाई आठवली. मी म्हटलं, येतो. जानेवारीत पुन्हा निरोप आला. तोवर माझा अभ्यास मोगलांवर आला होता.

जूनमध्ये पास झालो. वर्ध्याच्या हायस्कुलात नोकरी लागली. निघायच्या दिवशी पेढे घेऊन तिच्याकडे गेलो. उंबऱ्यात बसून ती तूर पाखडत होती.

"दर रैवारी पोतं टाकून ठेवत होती मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"परीक्षा होती, तानाबाई."

"झाली?"

"झाली."

"मंग आता तुमाले काय कामाची ते लढाई?" तिने पेढ्याचा पुडा बाजूला ठेवला आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

मला तिथून उठवेना. मी म्हणालो, "सांगा. मी लिहीत नाही. नुसता ऐकतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सांगू लागली. दवेईला योदयाचा वेढा पडला होता ती गोष्ट होती. आतल्या लोकांनी काय खाल्लं, विहिरीवर पहारा कुणाचा होता. बोलता बोलता तिचे मराठी शब्द कमी होत गेले. हळूहळू ती पुरती ब्रह्मी बोलू लागली. तिच्या ते लक्षात आलं नाही. मला अक्षरही कळत नव्हतं, तरी मी मान हलवत राहिलो. संध्याकाळची वर्ध्याची गाडी निघून गेल्याची शिटी आली. ती थांबली नाही, आणि मीही तिला थांबवलं नाही.

वर्ध्याहून मी दोनदा जाऊन आलो. एकोणसाठच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. मला कळलं महिन्याने, बाजारात कांताबाई भेटली तेव्हा. शेवटचे चार दिवस तानाबाई सारखी बोलत होती, ती म्हणाली. काय बोलत होती ते वस्तीत कुणालाच समजलं नाही.