माधवची शुगर

उत्तरेतल्या या रामघाटावर आम्ही मराठी भिक्षुक मंडळी जमलो की किस्से निघतातच. चाळीस वर्षं लोकांकडे श्राद्धाला जेवलो, तेव्हा किस्से साठणारच, आणि शुगरही. बापूंना, नानांना आणि मला, तिघांनाही आहे. हल्ली मात्र एका किश्शापाशी आलो की एकेक जण उठून घाट चढू लागतो.

*

बापूंचा किस्सा सगळ्यांत जुना. श्राद्धाला ब्राह्मण बसतो तो गेलेल्या माणसाच्या जागी, म्हणून पानातली खीर नको म्हणायची नाही, ही आमची रीत. बापूंना शुगर निघाली त्याच आठवड्यात राजा घाटाजवळ एका घरी पान होतं. यजमानीणबाईंनी काळजीने विचारलं, "बापू, खीर चालेल ना?"

"मला नाही चालत, तुमच्या सासऱ्यांना चालते," बापू म्हणाले, आणि दोन वाट्या संपवल्या.

*

माधव आमच्यातला सगळ्यांत लहान, छत्तीस वर्षांचा, अंगाने अगदी किरकोळ. सव्वा वर्षापूर्वी त्यालाही शुगर निघाली. खोटं कशाला सांगू, आम्हाला गंमतच वाटली. नानांनी घाटावर सगळ्यांना बिनसाखरेचा चहा पाजला.

"आलास एकदाचा आमच्यात!" नाना म्हणाले.

माधव हसला आणि पुन्हा तांब्या तोंडाला लावला. तेवढ्या वेळात तिसऱ्यांदा. कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

डॉक्टरांनी त्याला रक्ताची एक जाँच लिहून दिली होती. "पंडितजी, शुगर एक तरह की नहीं होती. आप दुबले हैं, वज़न भी गिर रहा है. आपकी कौन-सी है, ये जल्दी देखना पड़ेगा." तोवर म्हणून गोळी दिली होती.

माधवने चिठ्ठी मला आणून दाखवली, कारण शुगरमध्ये मी सगळ्यांत जुना. मी ती धड वाचलीही नाही.

"शुगर ती शुगर. आमच्या वेळी कुणी प्रकार पाहिला होता? कारल्याचा रस घे, भात सोड, गोड बंद कर."

त्याने चिठ्ठी घडी करून पंचांगात ठेवली. तो माझ्या शब्दाबाहेर नव्हता, हेच आता सोसत नाही.

*

त्याची बायको सुमती पथ्याला पक्की. तिने साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. तांदळाची खीर म्हणजे माधवचा जीव की प्राण, पण "दिगंबरकाकांनी सांगितलंय" असं माझं नाव पुढे करून ती चमचाभरही देईना.

महिन्याभरात त्याचं धोतर कमरेवर ठरेना. "पथ्य लागू पडलं," बापू म्हणाले. मी माझ्या पोटावरून हात फिरवत म्हणालो, "आम्हाला जमलं नाही, पोराने करून दाखवलं." माधव पायरीवर टेकून बसला होता. त्याला दम लागला होता.

*

पुढच्या महिन्यात बालाजी घाटाजवळ एका घरी रुद्र म्हणताना तो मधेच थांबला. माधव कधी थांबत नसे. उलट्या झाल्या, श्वास जोरजोराने चालू लागला. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून नावेतून नेलं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इंसुलिन कब से बंद है?"

"कभी लिया ही नहीं," मी म्हणालो. "गोली चल रही थी, हम लोगों जैसी."

"इनकी आप लोगों जैसी नहीं है. इनके शरीर में इंसुलिन बन ही नहीं रहा, इनको शुरू से सुई चाहिए थी. जाँच नहीं कराई?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी माधव गेला.

*

परवा त्याचं वर्षश्राद्ध झालं. श्राद्ध धाकट्या भावाने केलं. सुमतीने आधीच निरोप पाठवला होता, त्यांच्या जागी दिगंबरकाकांनीच बसावं. बसलो.

ती खिरीचं पातेलं घेऊन माझ्या पानापाशी वाकली.

"काका, दोन महिने ते मागत होते. मी दिली नाही."

मी वाटी पुढे केली. तिने भरली. मी संपवली. तिने पुन्हा भरली, मी पुन्हा संपवली. बापू शेजारी मान खाली घालून बसले होते.

"अजून?" सुमतीने विचारलं.

"वाढ," मी म्हणालो.