पाहुण्यांसमोरचा चिमटा

शनिवार, ३० ऑगस्ट २०२५. सकाळी नळाला पाणी कमी. दुपारी भांडुपची मंडळी, संध्याकाळी निलेशच्या ऑफिसातले लोक, मग इमारतीतले. मोदक संपले, श्वेताने शिरा केला. भीमराजच्या नव्या कुर्त्यावर काळ्या वाटाण्याचे सांबारे सांडले. सांडले नाही, रुक्मिणीने सांडवले. नंतर चिमटा काढून त्याला रडवले. मी पाहिले. लक्ष ठेवणे.

वनमालाबाईंनी शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारली. असं त्या सहसा करत नसत. कॉन्व्हेंटात असताना सिस्टर सकाळी डायऱ्या गोळा करायच्या आणि कुठे ‘मला वाटते’ दिसलं की लाल पेन्सिलीने खोडायच्या. काय घडलं ते लिहा, बाकीचं प्रार्थनेत सांगा, असा त्यांचा खाक्या. ती शिस्त वनमालाबाईंच्या हाडात मुरली होती. नवरा गेला त्या दिवशीही दत्तारामना घरी कधी आणलं आणि खांदा कोणी दिला, एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

पण या पोरीने त्यांना रेघ मारायला लावली.

रुक्मिणी बारा वर्षांची, भीमराज सहा. सख्खी भावंडं. वनमालाबाईंच्या धाकट्या मुलाने, देवेशने, आणि त्याच्या बायकोने, श्रुतिकाने, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर दोघांना संस्थेतून दत्तक म्हणून घरी आणलं होतं. मूल दत्तक घ्यायचं हे वनमालाबाईंना पटलेलं होतं. फक्त त्यांच्या डोळ्यांपुढे पाळण्यातलं बाळ होतं, ज्याला आपण म्हणू तेच घर आणि तीच माणसं. ही दोघं आली ती स्वतःचे दात, स्वतःच्या सवयी आणि स्वतःची मतं घेऊन. मुलुंडचं घर तसं मोठं. शेजारचे दोन फ्लॅट मधली भिंत पाडून एक केलेले. थोरला निलेश, त्याची श्वेता, त्यांचा मितेश आणि निधी, देवेश-श्रुतिका, वनमालाबाई आणि आता ही दोघं. सकाळी न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन रांग लागायची.

भीमराज आठवडाभरात रुळला. जो बसलेला दिसेल त्याच्या मांडीवर जाऊन बसायचा. श्रुतिकाला तर चार दिवसांत आई म्हणायला लागला, आणि श्रुतिका गॅलरीत जाऊन डोळे पुसून आली. रुक्मिणी मात्र घरातल्या सगळ्या बायकांना ताई म्हणायची. श्रुतिकाताई, श्वेताताई, आणि सत्तरी ओलांडलेल्या वनमालाबाईसुद्धा ताईच. संस्थेत बाई म्हणजे ताई. सांगेल ते काम करायची, उलट बोलायची नाही. पण नजर सारखी फिरती.

बेल वाजली की ही सगळ्यांच्या आधी दारात. आलेल्या माणसांच्या तोंडाकडे बघायची नाही, त्यांनी काढलेल्या चपलांकडे बघायची. मग वनमालाबाईंच्या मागे यायची.

“कोण आहेत? किती वेळ थांबणार? त्यांना मुलं आहेत का?”

“तुला गं कशाला चौकशा?”

ती पुन्हा दारात गेलेली असायची. आणि गणपती बसल्यापासून तर हे चाललेलं. श्रुतिका भीमराजला न्हाऊमाखू घालून, भांग पाडून बाहेर पाठवायची, आणि पाहुणे टेकतात न टेकतात तोच तो केस विस्कटलेला, नाक वाहत असलेला असा समोर यायचा. कोणी कौतुकाने जवळ घेतलं की एकदम भोकाड. शनिवारी वनमालाबाईंनी पडद्याआडून येणारा तो हात पाहिला. दोन बोटांत दंडाची कातडी धरून पिळणारा.

रविवारी गौरी आणल्या. स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीची तयारी करताना त्यांनी श्वेताला ते सांगितलं.

“मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं, आई,” श्वेता म्हणाली. “तिला त्याचं कौतुक बघवत नाही. सगळे त्याला उचलून घेतात, हिला कोण विचारतं?”

“पण पाठचा भाऊ आहे गं.”

“म्हणून काय झालं? परवा निधीला म्हणे, तुझ्या घरात ज्याला आणतात त्याला परत पण पाठवतात का. हे काय बोलणं झालं?” श्वेताने आवाज खाली आणला. “विसर्जन झालं की संस्थेच्या त्या ताई येणारेत ना बघायला? देवेश म्हणाला, तुमच्याशी पण बोलतील. मग सांगा स्पष्ट. अजून दत्तकाचा सरकारी हुकूम कुठे झालाय. मुलगा लहान आहे, तो रुळेल.”

मुलीचं काय, ते श्वेता बोलली नाही. वनमालाबाईंनीही विचारलं नाही. त्या नारळ खवत राहिल्या. थोड्या वेळाने मागे वळल्या तर फिल्टरपाशी रुक्मिणी पाणी पीत उभी. कधी आली कळलं नाही. चोरून ऐकायची पण सवय आहे तर, त्यांनी मनात नोंद केली.

सोमवारी गौरीपूजनाला चेंबूरहून वनमालाबाईंची नणंद प्रेमा आली. बरोबर तिची मुलगी रुचिका. रुचिकाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं, म्हणून हल्ली तिला कोणी काही विचारत नसे.

“वहिनी, गौरी काय सुरेख नेसवलीय,” प्रेमाने आल्या आल्या सुरुवात केली. “श्रुतिकाने ना? तरीच. तुमच्या हातची असती तर निऱ्या कंबरेला नाही, गळ्याशी आल्या असत्या.”

“बसा वन्सं. तोंडाला आधी पाणी लावा, मग चालवा.”

भीमराजने सगळ्यांसमोर आरती म्हटली. निम्मे शब्द त्याचे स्वतःचे होते. रुचिकाने त्याला मांडीवर घेतलं आणि तोही ऐसपैस बसला, तिच्या बांगड्या मोजत.

“काय रे लबाडा,” प्रेमा म्हणाली, “येतोस आमच्याकडे चेंबूरला? आमच्याकडे कुत्रा आहे.”

“केवढा?”

“तुझ्याएवढा.”

“मग येतो.”

खोलीभर हशा झाला. “बघा वहिनी, गडी तयार आहे,” प्रेमा म्हणाली. “देऊन टाका आमच्या रुचिकाला. तुमच्याकडे पोरांना काय तोटा?”

“न्या की,” वनमालाबाई म्हणाल्या. “पण परत आणून द्यायचा नाही हां.”

“भरा मग त्याची पिशवी.”

असं कोणत्या घरात कोण म्हणत नाही? निधी लहानपणी गोरीगोमटी होती, तेव्हा निम्म्या मुलुंडचं तिला मागून झालं होतं, आणि दरवेळी वनमालाबाईंनी ती देऊनही टाकली होती.

तेवढ्यात भीमराज किंचाळला. रुक्मिणी रुचिकाच्या खुर्चीमागे उभी होती, हात पाठीमागे घेऊन. वनमालाबाई उठल्या, तिचं मनगट धरलं आणि तिला पॅसेजमध्ये नेलं.

“आपल्याच भावाला रक्त येईस्तोवर चिमटे काढतेस? लाज नाही वाटत?”

ती जमिनीकडे बघत राहिली.

“येऊ देत त्या संस्थेच्या ताई. सगळं सांगते त्यांना.”

रुक्मिणीने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने वनमालाबाईंच्या डोळ्यांत बघितलं. “सांगा,” म्हणाली.

पानं वाढली. घावन तव्यावरून थेट ताटात पडायला लागले, घाटलं फिरलं, आणि मुलांना हाक मारायला गेलेली श्रुतिका रिकामीच परत आली.

“आई, दोघं नाहीत.”

“गच्चीत असतील.”

“बघितलं. निधीलाही माहीत नाही.”

मग ताटं तशीच राहिली. देवेश खाली पळाला. वॉचमन म्हणाला, मुलं गेटबाहेर गेली नाहीत, पण मधे मी आरतीला गेलो होतो. ते ऐकून निलेश रिक्षा करून नाहूर स्टेशनकडे गेला. श्रुतिका अनवाणीच जिने उतरून प्रत्येक मजल्यावर बेल वाजवत सुटली.

“वहिनी,” प्रेमा हळूच म्हणाली, “गौरीच्या अंगावरचं सगळं आहे ना, ते आधी बघा.”

नथ होती, ठुशी होती. वनमालाबाईंनी तरी हात लावून चाचपून पाहिलं. मग त्या दारापाशी आल्या. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. प्रेमाच्या, रुचिकाच्या, आणि कडेला नीट जोडीने लावलेल्या दोन लहान जोड्या. एक निळी, एक लाल.

जिची नजर सदा लोकांच्या चपलांवर, ती पोरगी भावाला अनवाणी रस्त्यावर नेणार नाही. वनमालाबाई कोणाला काही न बोलता आत वळल्या. पॅसेजमध्ये गौरीची कुंकवाची पावलं काढली होती, ती वॉशिंग मशीनपाशी फिसकटली होती. मशीनच्या पांढऱ्या झाकणावर लाल बोटं उमटलेली. त्यांनी वर पाहिलं. वर माळा. वर्षभर त्यात गणपतीचं मखर कोंबलेलं असतं, म्हणून तिथे कोणी बघितलंच नव्हतं. मखर तर पाच दिवसांपासून हॉलमध्ये होतं.

“रुक्मिणी.”

वरून भीमराजचं कुजबुजणं, आणि त्याला गप्प केल्याचा आवाज.

“खाली ये. पडाल दोघं.”

“चेंबूरचे गेले?”

“जेवायचेत अजून.”

“मग ते गेल्यावर येतो.”

वनमालाबाई मशीनच्या आणखी जवळ गेल्या. “तू त्याला चिमटे का काढतेस, ते सांग आधी.”

माळ्याचं सरकतं दार बोटभर उघडलं.

“रडका असला की नेत नाहीत.”

“कोण नेत नाही?”

“बाहेरचे. तिकडे यायचे ना, चांगल्या चपला घालून. घाणेरडा, रडका असला की नको म्हणायचे. हसणारा पटकन जातो.” दार जरा आणखी सरकलं. “मोठ्या मुलीला कोण नेत नाही. आमच्या खोलीत एक होती, तिचा भाऊ गेला, ती तेव्हा शाळेत होती. मी याला कुणासमोर हसू द्यायची नाही. देवेशकाका आले तेव्हा पण रडवला होता. तरी ते दोघांना घेऊन आले.”

“अगं, वन्सं थट्टा करत होत्या.”

“तुम्ही पण म्हणालात, न्या. परत आणू नका म्हणालात.”

“मीपण थट्टाच केली.”

“आणि काल? तो रुळेल, असं श्वेताताई म्हणाल्या. तेव्हा तुम्ही काहीच नाही बोललात.”

काल वनमालाबाई गप्प बसल्या होत्या, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ या पोरीने अगदी बरोबर लावला होता.

“रात्री पण त्याला मितेशदादाकडे झोपवता,” रुक्मिणी वरून म्हणाली. “मला तुमच्या खोलीत. सकाळी उठले की मी आधी जाऊन बघते, आहे का.”

“संस्थेच्या ताई येतील ना,” वनमालाबाई म्हणाल्या, “तेव्हा तू माझ्या शेजारी बस. मी काय सांगते ते स्वतःच्या कानांनी ऐक.”

“काय सांगणार?”

“दोघं.”

“आणि त्या म्हणाल्या, एकच ठेवा?”

“त्या म्हणणार नाहीत. आणि म्हणाल्या तर मी ऐकायची नाही. दोघं म्हणजे दोघं.”

वर विचार चालला होता. “आधी त्यांना जाऊ दे,” रुक्मिणी म्हणाली आणि दार सरकवून घेतलं.

वनमालाबाईंनी श्रुतिकाला हाक मारली, मुलगे परत बोलावले आणि हॉलमध्ये गेल्या.

“सापडली?” प्रेमाने विचारलं.

“घरातच आहेत. वन्सं, एक सांगते, राग मानू नका. त्या पोराला पुन्हा असं मागू नका. थट्टेतसुद्धा.”

“म्हणजे? मी काय खरंच पळवून नेत होते?”

“नव्हता नेत. मीही बोललेच की. यापुढे मीही बोलणार नाही.”

“वा. गौरीच्या दिवशी ताटावरून उठवताय मला.”

“जेवून जा ना. मी कुठे उठवतेय?”

“आई, चल,” रुचिका म्हणाली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. प्रेमाने घाटल्याची वाटी सरकवली, पदर खोचला आणि चपला पायात घालताना जिन्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलली, “परक्या पोरांसाठी घरचं माणूस.” आता महिनाभर चेंबूरपासून मनोरीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांत हे फिरणार, हे वनमालाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

देवेशने स्टूल लावलं. रुक्मिणी आधी एकटी उतरली, दारापर्यंत जाऊन उंबऱ्याबाहेर बघून आली आणि मगच भावाला खाली घेतलं. श्रुतिकाने त्याला कवटाळलं, दुसरा हात रुक्मिणीपुढे केला. तो तिने धरला नाही. नुसती जवळ उभी राहिली.

भीमराजचा दंड निळा-जांभळा झाला होता. तो बघताना वनमालाबाईंच्या मनात पुन्हा खुट्ट झालं. कारण काही असो, हा हात हलका नव्हता. एवढं पिळताना हिला काहीच वाटलं नसेल? त्यांनी त्यावर खोबरेल तेल लावलं. रुक्मिणी शेजारी उभी राहून त्यांची बोटं बघत होती, फार दाबतायत का ते.

“आजी, थंड,” भीमराज म्हणाला.

“हळू लावा,” रुक्मिणी म्हणाली. ताई म्हणाली नाही, आजीही म्हणाली नाही.

सोमवार, १ सप्टेंबर २०२५. गौरीपूजन. प्रेमावन्सं न जेवता गेल्या. घावन उरले, वॉचमनला आणि खालच्या मजल्यावर दिले. गहू दळून आणायचे आहेत. भीमराजची गादी आजपासून माझ्या खोलीत, रुक्मिणीच्या पलंगाजवळ घातली. त्यासाठी कपाट खिडकीकडे सरकवावे लागले.