अमावस्येला धुतलेली गाडी

आधी मावशींचं सांगतो, गाडीचं नंतर. पाटसला ज्यांच्या खानावळीत मी दोन्ही वेळा जेवतो, त्या मावशी. माझं गाव भंडाऱ्याकडं, शाळा आठवीतच सुटली, इकडं रक्ताचं कुणी नाही. त्या दिवशी मावशी सोबत आल्या नसत्या, तर मी कुजक्या गाडीत बायका भरून हिंडत असतो.

काम होतं दौंडहून कंपनीत जाणाऱ्या बायकांची ने-आण करायचं. गाडी स्वतःची असेल तरच काम तुझं, असं ठेकेदार म्हणाला होता. साठवलेलं सगळं त्या एका गाडीत जाणार, म्हणून भीतभीत भेटेल त्या गाडीवाल्याला, कुठली जुनी गाडी घेऊ, असं विचारत सुटलो. आता ते आठवलं तरी शिसारी येते. चहाच्या टपरीवर प्रत्येकाच्या गाडीची कंपनी वेगळी, आणि प्रत्येकाला आपलीच भारी.

"त्या कंपनीचा पत्रा म्हंजी पापड. आपली बघ, बैल धडकला तर बैल पडंल."

"तुझी विकायला काढ की. भंगारवाला तरी येतोय का बघू."

बोलता बोलता गाडीचं दार उघडून गुटख्याची पिचकारी. त्या दाराची खालची कड लालभडक झालेली. गंज कुठला आन् गुटखा कुठला, कळत नव्हतं. एकमत एवढ्यावरच, की वडगाव रासाईच्या एका आबांची व्हॅन डोळे झाकून घ्यावी. एकहाती हाय, पैल्यापासून एकच मालक, दर अमावस्येला धुतलेली हाय.

परक्याला कुणी खरं सांगत नाही, आणि मावशींचं माहेर त्याच बाजूचं, म्हणून त्या सोबत निघाल्या. "भाचा हाय म्हणून सांगीन," म्हणाल्या.

व्हॅन चकचकीत होती. हार, लिंबू-मिरची, टायरला काळं पॉलिश. आबांनी बॉनेटवरून हात फिरवला. "बादलीनं धुनं मला पटत न्हाई. अमावस्येला थेट नदीत घालतो, चाकं बुडंस्तवर. मंग पूजा."

मी इसार द्यायला खिशात हात घातला. तेवढ्यात मावशी मागं बसायला चढल्या आणि नाकाला पदर लावला.

"आबा, आत काय मेलंय?"

"काय न्हाई. अत्तर मारलंय."

त्यांनी पाय टेकवला तसं मॅटिंग खचलं, खालचा पत्रा बिस्किटागत तुटला आणि पाय घोट्यापर्यंत आरपार गेला. मी मॅटिंग उचललं. खाली काळा गाळ, जलपर्णीची कुजकी मुळं, शिंपले आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. प्रत्येक अमावस्येची घाण तिथंच मुरली होती. मावशींच्या घोट्यातून रक्त येत होतं आणि आबा मला समजावत होते, "हा कंपनीचा दोष. दुसऱ्या कंपनीची असती तर नदीला पुरून उरली असती."

मावशी पाय सोडवत म्हणाल्या, "आबा, नदीत म्हशी धुत्यात."

काम दुसऱ्याला गेलं. ती व्हॅनही खाली नवा पत्रा ठोकून, एकहाती म्हणूनच विकली गेली. टपरीवर अजून तिची तारीफ चालते. तिथला चहा मी सोडला.

मावशींना इंजेक्शन घ्यावं लागलं. बरेच दिवस त्या लंगडतच ताटं वाढत होत्या, पण मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी अजून दुसऱ्याचीच गाडी चालवतो. स्वतःची झाली की मावशींना मांडवगण फराट्याला, त्यांच्या माहेरी, निवांत राहायला पोचवीन. आणि त्या परत येईस्तवर खानावळीतल्या भाकऱ्या मी थापीन.