चर्चचे माळवद

आमच्या चर्चला मनोरा नाही. उतरते छप्पर नाही, कौले नाहीत, रंगीत काचा तर नाहीतच. मातीच्या भिंती, सागाच्या तुळया आणि वर मातीचेच सपाट माळवद. दारावरचा लहानसा लाकडी क्रूस नजरेतून सुटला, तर एखाद्या बऱ्यापैकी शेतकऱ्याचे जुने घर समजून माणूस पुढे निघून जातो. जालन्याहून उपासनेसाठी आलेले पाहुणे तर दारात उभे राहूनच चर्च कुठे आहे असे विचारत, आणि आमच्यातले काहीजण शरमेने हसत.

त्या शरमेतूनच पंचकमिटीने गेल्या हिवाळ्यात ठराव केला: ही इमारत पाडायची आणि तिच्या जागी स्लॅबचे, मनोऱ्याचे चर्च उभारायचे. कमिटीचे प्रमुख माझे चुलतभाऊ. त्यांना मी जन्मभर दादा म्हणत आले आणि त्यांच्यापुढे जन्मभर गप्प बसत आले. शाळेत गणित शिकवताना माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे. मंडळीत मात्र बायकांच्या बाजूला, मागच्या सतरंजीवर बसून मी गाण्यापुरतेच तोंड उघडले.

पाडण्याआधी निरोपाची एक उपासना ठरली. तीत चर्चचा इतिहास मी वाचावा असे पाळकसाहेबांनी सुचवले. निवृत्तीनंतर लिहू लागलेल्या बाईला द्यायला ते निरुपद्रवी काम होते.

मला ठाऊक होते ते वडिलांकडून ऐकलेले. चर्च बांधायचे ठरले तेव्हा मिशनरी साहेबांच्या मनात कौलारू छप्पर आणि छोटासा मनोरा होता. आमच्या लोकांनी दोन्ही नाकारले. आमचे लोक गावकुसाबाहेरचे. निजामाच्या त्या काळात माळवद ही जमीनजुमलेवाल्यांची मिरास होती. आमच्यापैकी कुणी तसे घर काढलेच, तर भिंत छातीला लागण्याआधी पाडली जाई. आम्ही गवताच्या छपराखाली राहावे, अशी रीत होती. म्हणून साहेबांनी विचारले तेव्हा मंडळीतले वडीलधारे म्हणाले, देवाचे घर माळवदाचेच पाहिजे. साहेबाच्या चर्चला हात लावायची कुणाची छाती होणार नाही, हे त्यांनी आधीच जोखले होते. माळवदावर जी पांढरी माती घालतात, पाणी आत झिरपू न देणारी, ती गावातल्या गढीवरून त्यांना उचलू दिली नाही. मग बायकांनी तीर्थपुरीच्या बाजूच्या एका ओसाड टेकाडावरून ती डोक्यावर वाहून आणली. भिंत छातीला लागली, डोक्याच्या वर गेली, आणि उभी राहिली.

हे सर्वांना माहीत असेल अशी माझी समजूत होती. चौकशी केली तेव्हा कळले, माझ्या पिढीतल्या दोघातिघांनाच माहीत होते, आणि तेही अर्धेमुर्धे. ज्या माळवदाची मंडळीला लाज वाटत होती, त्यात पूर्वजांची सगळी मगरुरी चोपून बसवलेली होती, आणि ते सांगायला माझ्याखेरीज कुणी पुढे येईल असे दिसत नव्हते.

उपासनेत मी उभी राहिले आणि खाली मान घालून वाचले. शेवटी इमारतीला कृतज्ञतेचा निरोप द्यावा, असे पाळकसाहेबांनी सांगितले होते. तो मी लिहिलाच नव्हता.

"निरोप मी देणार नाही," मी म्हणाले. "हे पाडू नये."

दादा सावकाश उठले. "बाई, तू सांगून राह्यलीस ते बराबर हाय. पण आता हे दाखवायचं कुणाला? ज्यांनी आडवलं, त्यांनीच आपली माळवदं पाडून स्लॅब टाकले."

"त्यांनी पाडलं म्हणून आपण पाडायचं, तर अजून त्यांचंच ऐकतोय आपण, दादा."

दादांची मावशी, मंडळीतली सर्वांत वयस्क बाई, भिंतीला टेकून बसली होती. "बस की रे खाली," ती दादांना म्हणाली. "पोरगी पहिल्यांदा बोलली, मंग तिलाच आडवून राह्यलास." साठी ओलांडलेली पोरगी पाहून पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. दादाही हसले, पण बसले नाहीत. गळती बोलण्याने थांबत नाही, म्हणाले.

गळत होते, हे खरेच. तीन वर्षांपूर्वी दादांनी जल्दी काम व्हावे म्हणून मातीवर सिमेंटचा थर घालून घेतला. तुळया उन्हापावसात हलतात. माती त्यांच्याबरोबर हलते, सिमेंट तडकते. पाणी त्या भेगांतून शिरत होते. थर काढून पुन्हा पांढरी माती घालू, असे मी म्हटले.

"घालणार कोण? वर चढणारं माणूस ऱ्हायलंय का एक तरी?"

"मी चढते," मी म्हणाले. त्यावरही हशा झाला.

त्या टेकाडावर आता एका धनगर कुटुंबाची शेती आहे. माती मागायला गेले तर त्यांनी आधी चहा पाजला, मग ट्रॉली भरून दिली. ती मी चर्चच्या दारातच रिकामी करायला लावली. मोजमापे घ्यायला आलेल्या कंत्राटदाराला आत जायला वाट उरली नाही. तो दादांकडे गेला. दादा आले, ढिगाभोवती फिरले आणि घरी गेले.

गेला आठवडाभर आम्ही वर आहोत: मी, पाळकसाहेब आणि त्यांची पत्नी, शिवाय उन्हे उतरल्यावर येणाऱ्या चार बायका. छिन्नीने सिमेंट सुटते, पण मनगटे भरून येतात. माझे काम सगळ्यांत संथ आहे. दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत आणि ठराव कुणी मागे घेतलेला नाही.

काल कंत्राटदाराने पाळकसाहेबांना फोन करून पाडायला कधी यायचे असे विचारले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. वर माणसे काम करीत आहेत, मी त्याला सांगितले, आणि खाली उतरण्याचा त्यांचा विचार नाही.