शंकरमामा आणि निळी परीक्षानळी

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये वर्ष काढलं की दोन गोष्टी साचतात. ॲप्रनवर डाग आणि डोक्यात किस्से. डाग निदान साबणाने फिके होतात.

गंगापूर रोडवरच्या एका ज्युनियर कॉलेजात मी नवीन लागले होते. मार्चमध्ये प्राचार्य माझा एक तास बघणार आणि मग नोकरी कायम करायची का ते ठरवणार.

*

एकदा शिकवत होते, "वायूंवर दाब वाढवला की अभिक्रियेचा समतोल कमी जागा लागेल त्या बाजूला सरकतो." ओझरहून येणारी एक मुलगी शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे पाहुणे आले की बाबा गच्चीवर झोपायला जातात, तसंच ना मॅडम?"

पुढच्या तुकडीत हे उदाहरण मी माझं म्हणून खपवलं.

*

"उत्प्रेरक समतोल हलवत नाही, फक्त लवकर गाठून देतो." हे शिकवून स्टाफरूममध्ये आले, तर टाइमटेबलवरून वाद चाललेला. फिजिक्सचे पवार सर मध्ये पडले आणि पाच मिनिटांत भांडण मिटलं. शनिवारचा शेवटचा तास मलाच.

"एरवी हेच ठरायला तासभर लागला असता," सर म्हणाले.

*

लॅबचे शिपाई शंकरमामा विंचूरचे. शिक्षण सातवी, नोकरी वीस वर्षं. जानेवारीच्या गारठ्यात तपकिरी वायूचा बंद काचगोळा फिका पडला. गळती झाली म्हणून मी हवालदिल. मामांनी तो खिडकीतल्या उन्हात ठेवला. दुपारी पुन्हा तपकिरी.

"त्यालाबी थंडी वाजती, मॅडम."

*

शेवटी प्राचार्य बघणार होते तो तास आला. कोबाल्टचं गुलाबी द्रावण तापवून निळं करायचं, बर्फात धरून परत गुलाबी. प्राचार्य तासभर उशिरा आले. तोवर रसवंतीतून आणलेल्या बर्फाचं बर्नरशेजारी कोमट पाणी झालेलं. नळी निळीशार, काही केल्या बदलेना. प्राचार्य घड्याळ बघायला लागले. माझं शिकलेलं सगळं पळालं.

मामा मागून हळूच म्हणाले, "पानी वता, मॅडम. नळाचंच वता."

ओतलं. गुलाबी! मग मला आठवलं आणि पाणी वाढलं की समतोल कसा मागे सरकतो ते मी धडाधड सांगितलं. प्राचार्यांनी मला कायम करायच्या कागदावर तिथेच सही केली.

नंतर बेसिनपाशी मामांना विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"रोज धुतो ना. निळी नळी नळाखाली धरली का गुलाबी व्हती." मामांनी हातातली नळी उलटी ठेवली. "मला वाटायचं, माझ्या हातानंच रंग बिघडतो. वीस वर्षं भ्यानं कुनाला सांगितलं नाय."