सरकलेल्या छापाचा रुपया

अंबडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं मुलामा तपासला. निकेल चढवून आलेली कडी, मूठ, तोटी ट्यूबलाइटखाली फिरवायची. फोड, सुटलेला पापुद्रा, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं की माल बाजूला. रिटायर झालो, पण डोळा काही रिटायर होईना. मग सुट्या पैशांत चुकीच्या छापाची नाणी शोधायच्या मागे लागलो.

लोक सोनेरी दिसणारे रुपये घेऊन घरी यायचे. फोनवर कुठलातरी व्हिडिओ बघितलेला असायचा आणि रुपयात लाख दिसत असायचे. मी तोंडावर सांगायचो, की आजचा रुपया आतून-बाहेरून पोलाद आहे, त्याला मुलामाच नाही; मग मुलाम्यात चूक कुठून येणार? कुणीतरी तो तापवलाय, नाहीतर वरून तांबं चढवलंय. माणसं चहा न घेता उठायची. खरी चूक टाकसाळीतच व्हावी लागते. छाप दोनदा बसतो, फिरतो, क्वचित सरकतो.

सरकलेला छाप मला कधीच सापडला नाही. बायकोला सापडला, सिडकोत मेथीची जुडी घेताना आलेल्या सुट्यात. एका कडेला चंद्रकोरीसारखी कोरी जागा आणि समोरच्या बाजूची अक्षरं अर्धी कडेबाहेर गेलेली.

"घ्या तुमचा लंगडा," ती म्हणाली. मी भिंग लावून अर्धा तास बघत बसलो. तिला शाबास म्हटलं की नाही, खरंच आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली. सवाष्ण म्हणून बायकांनी मळवट भरला आणि कपाळाला लावायला रुपया मागितला. आता घरात रुपया कुणाकडे असतो? भाजीवाल्यालासुद्धा आपण फोनवरूनच पैसे देतो. मुलीनं माझी नाण्यांची डबी उघडली आणि हाताला आला तो देऊन टाकला.

तिच्या तोंडात तुळशीचं पाणी घालायला वाकलो, तेव्हा मला तो दिसला. कोरी कड वर होती.

"तो काढा. दुसरा लावा," मी म्हणालो.

मुलगी म्हणाली, "बाबा, राहू द्या ना आता."

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "एकदा लावलेला काढत नसतात, भाऊ."

मी माझ्या हातानं काढला. सदऱ्याला कुंकू पुसलं आणि खिशात टाकला.

तिनं शोधलेला होता, आठवण म्हणून ठेवला, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. साफ खोटं. त्या क्षणी आठवण वगैरे काही सुचलं नव्हतं. मला नाणं दिसलं, ती दिसली नाही. छत्तीस वर्षांचा संसार, आणि शेवटचं बघताना मी काय बघितलं, तर कड. याची मला लाज वाटते.

मावशींनी त्यांच्या देव्हाऱ्यातला रुपया आणून लावला. पण माझ्या बोटांनी ओलं कुंकू पुसलं गेलं होतं, तो काही बसेना. जिना उतरताना पडला. मुलीनं उचलून पुन्हा लावला. अमरधामच्या फाटकात पडला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा चितेच्या ओट्यापाशी पडला, तेव्हा ती वाकली नाही. माझ्या खिशाकडे बघत उभी राहिली.